सोसायटी बिलिंग सॉफ्टवेअर: प्रकल्प नोंदी, मार्च ते ऑगस्ट २०२५

२८ मार्च २०२५

सध्या आमच्या सॉफ्टवेअरवर १४० गृहनिर्माण सोसायट्या आणि ९,८०० सदनिका आहेत. दर सदनिकेमागे महिना ६ रुपये, जीएसटी वेगळा. महिन्याची जमा ५८,८००.

मार्चचा खर्च असा. मुख्य सर्व्हर (४ कोअर, ८ जीबी रॅम, १६० जीबी डिस्क) ५,२००. डेटाबेसची चालू प्रत ठेवणारा जोड सर्व्हर २,६००. बॅकअपची जागा ६००. हे तिन्ही मिळून ८,४००, म्हणजे दर सदनिकेमागे ८६ पैसे. एसएमएस ६,९८७, म्हणजे ७१ पैसे. ईमेल, डोमेन आणि सीए मिळून ३,४००, म्हणजे ३५ पैसे. फोनवर मदतीला बसणारी अर्धवेळ व्यक्ती १८,०००, म्हणजे १८४ पैसे. बेरीज साधारण पावणेचार रुपये. उरलेल्या सव्वादोन रुपयांत नवं काम, दुरुस्त्या आणि आमचे पगार.

इथून पुढे कुठलाही खर्च दर सदनिकेमागे किती पैसे, असाच लिहायचा. ‘सर्व्हर ४ जीबीवर आणू या का’ हा विषय दर बैठकीत निघतो. आणला तर १८ पैसे वाचतात. आधी एसएमएस बघायचे.

१ एप्रिल

रात्री १२.१० ला बिलं तयार करणारं काम ठरल्याप्रमाणे सुटलं, पण सगळ्या बिलांवर तारीख पडली ३१ मार्च. काम भारतीय वेळेनुसार सुटतं, डेटाबेसचं घड्याळ मात्र यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, भारतापेक्षा साडेपाच तास मागे). भारतात १ तारखेचे १२.१० वाजतात तेव्हा यूटीसीमध्ये आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ६.४० असतात. ‘आजची तारीख’ डेटाबेसला विचारली, त्याने त्याच्या हिशेबाने बरोबर उत्तर दिलं. इतर महिन्यांत यामुळे फक्त महिना चुकला असता. एप्रिलमध्ये आर्थिक वर्षच चुकलं आणि बिलं २०२४-२५ च्या मालिकेत गेली.

निभावलं ते एकाच कारणाने: बिल तयार होणं आणि सभासदाला जाणं यात सकाळी ९ पर्यंतचं अंतर आधीपासून ठेवलेलं आहे. सकाळी ७ ला तपासणीत दिसलं, बिलं पुसून पुन्हा काढली.

बदल: बिलाचा महिना आणि तारीख आता कामाला बाहेरून दिली जाते, डेटाबेसला विचारायची नाही. डेटाबेसची वेळ आशिया/कोलकाता केली. वेळेचे जुने रकाने टाइमझोनशिवाय साठवलेले होते, ते बदलायला वेगळा दिवस लागेल. चाचण्यांत ३१ मार्च रात्री ११.५० ते १ एप्रिल सकाळी ५.४० ही खिडकी कायमची घातली. गफलत याच साडेपाच तासांत होते.

३ एप्रिल

सोसायट्यांना जाणाऱ्या आपल्या जीएसटी इन्व्हॉइसच्या क्रमांकात तीन ठिकाणी भोकं सापडली. क्रमांक सलग हवा, आर्थिक वर्षात एकदाच यायला हवा आणि १६ अक्षरांच्या आत बसायला हवा. आपण पोस्टग्रेसचा (आपला डेटाबेस) सीक्वेन्स, म्हणजे आपोआप पुढचा आकडा देणारी सोय, वापरत होतो. सीक्वेन्सने एकदा दिलेला आकडा डेटाबेसमधला व्यवहार (एकत्र होणाऱ्या नोंदी) रद्द झाला तरी परत येत नाही; तो त्याचा दोष नाही, रचनाच तशी आहे. आता मालिकेसाठी एका ओळीचा वेगळा तक्ता आहे. ती ओळ कुलूपबंद करून आकडा एकने वाढवायचा आणि इन्व्हॉइस त्याच व्यवहारात लिहायचं. वेग कमी होतो, पण महिन्याला १४० इन्व्हॉइससाठी वेगाचं काय करायचंय!

१२ एप्रिल

एसएमएस. चालू मजकूर असा:

‘प्रिय सभासद, आपल्या सदनिका क्रमांक बी-३०४ चे एप्रिल २०२५ महिन्याचे देखभाल शुल्क बिल रु. ३,४५० तयार झाले आहे. भरण्याची अंतिम मुदत १५ एप्रिल २०२५. बिल पाहण्यासाठी’, पुढे १७ अक्षरांची लिंक आणि आपलं ६ अक्षरांचं नाव.

मोजला तर १८५ भरतो. देवनागरी एसएमएस युनिकोडमध्ये जातो, त्यामुळे एका भागात १६० नव्हे, ७० अक्षरं. एकाहून जास्त भाग झाले की जोडणीची माहिती जागा खाते आणि दर भागात ६७ उरतात. शिवाय इथे ‘अक्षर’ म्हणजे आपलं अक्षर नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे सुटे मोजले जातात. ‘क्रमांक’ वाचताना तीन अक्षरं, मोजणीत सात.

१८५ म्हणजे तीन भाग. भागाला १७ पैसे धरून ९,८०० सदनिकांचे ४,९९८ रुपये. शिवाय महिनाअखेरीच्या आठवणीचा एसएमएस साधारण ३,९०० जणांना जातो, त्याचे १,९८९.

नवा मजकूर: ‘सदनिका बी-३०४: मे बिल रु. ३,४५०. मुदत १५ मे.’ लिंक आणि नाव धरून ६९. एक भाग, १,६६६ रुपये.

इंग्रजीत पाठवावं असाही मुद्दा आला. तिथे १६० अक्षरं मिळतात हे खरं, पण मजकुरात एक ₹ चिन्ह जरी घातलं तरी अख्खा संदेश युनिकोड होऊन मर्यादा ७० वर येते. शिवाय इंग्रजी बिल पाहून फोन करणारे आजी-आजोबा आपल्याला महागात पडतात. मराठीच ठेवलं.

नवा साचा डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसचे साचे नोंदवायची दूरसंचार कंपन्यांची यंत्रणा) मंजुरीला टाकला. तिथे पहिल्यांदा नापास होण्याची नेहमीची कारणं: मजकुरात पाठवणाऱ्याचं नाव नसणं, लिंकचं डोमेन आधी नोंदवलेलं नसणं (१ ऑक्टोबर २०२४ पासून सक्तीचं) आणि बदलत्या जागेत ३० अक्षरांपेक्षा जास्त भरणं. मंजूर साच्यात आणि पाठवलेल्या मजकुरात एका पूर्णविरामाचा फरक असला तरी ऑपरेटर संदेश अडवतो.

२ मे

काल सकाळी ९.२० ते ९.४५ सेवा बंद. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, सगळे घरी. एसएमएस गेल्याबरोबर लोकांनी लिंक उघडल्या. दर लिंकला पीडीएफ बनवण्यासाठी एक हेडलेस क्रोम (खिडकी न दाखवता चालणारा ब्राउझर) उघडत होता आणि एकेक २५० ते ३०० एमबी घेत होता. वीसेक उघडल्यावर मेमरी संपली. कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरी मोकळी करायला जी प्रक्रिया मारली ती क्रोमची नव्हती, पोस्टग्रेसची होती. पोस्टग्रेसची एक प्रक्रिया अशी सक्तीने मेली की तो बाकीच्याही सगळ्या जोडण्या तोडून लॉगवरून (बदलांच्या नोंदवहीवरून) सावरतो. तोवर लोक पान पुन्हा पुन्हा उघडत होते, म्हणजे आणखी क्रोम.

१६ जीबीचा सर्व्हर घेणं हा सोपा उपाय होता, तो घेतला नाही. त्याऐवजी:

पीडीएफचं काम वेगळ्या सिस्टमडी सेवेत टाकलं, तिला मेमरीची कमाल मर्यादा २ जीबी. मेमरी संपलीच तर आधी तिचा बळी जावा असा गुण तिला दिला. एकावेळी तीनच कामं, बाकी रांगेत. एकदा बनलेली पीडीएफ साठवून ठेवायची.

क्रोम का होता, तेही लिहून ठेवतो, नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी जुनी लायब्ररी पुन्हा आणेल. जुनी लायब्ररी देवनागरी अक्षरं फक्त एकापुढे एक मांडायची. ‘किल्ला’ मधली वेलांटी क नंतर पडायची आणि ल्ल चा हलन्त उघडा दिसायचा. जोडाक्षरं नीट यायची तर हार्फबझसारखं आकार जुळवणारं इंजिन लागतं. वीझीप्रिंट हे पीडीएफ बनवणारं साधन पँगो या लायब्ररीमार्फत तेच वापरतं आणि क्रोमपेक्षा बरीच कमी मेमरी घेतं. बदली सुरू. एचटीएमएलमध्ये भाषा मराठी अशी नोंदवायला विसरायचं नाही. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श ही मराठी वळणाची अक्षरं त्यावरच येतात, नाहीतर हिंदी वळणाची.

१९ मे

पहाटे ४ ला डेटाबेस बंद पडला. डिस्क १०० टक्के भरली.

कारण आपणच ६ मे रोजी केलेली काटकसर. जोड सर्व्हर १,००० रुपये स्वस्त योजनेवर हलवला, त्याला नवा आयपी मिळाला आणि तो मुख्य डेटाबेसच्या प्रवेशयादीत घातलाच नाही. प्रत घेणं थांबलं, पण तिच्यासाठी राखलेला रेप्लिकेशन स्लॉट मुख्य सर्व्हरवर तसाच राहिला. स्लॉट म्हणजे ‘हा येईपर्यंत लॉग पुसू नका’ असा निरोप. पोस्टग्रेसने निरोप पाळला, १६ एमबीच्या फायली साठत गेल्या आणि तेरा दिवसांत डिस्क भरली.

करायचं काय, ते क्रमाने: लॉगच्या फोल्डरमधल्या फायली हाताने कधीही पुसायच्या नाहीत, त्याने डेटाबेस कायमचा जातो. डिस्कवर २ जीबीची एक रिकामी फाइल आधीपासून ठेवलेली असते, ती पुसून श्वास घ्यायला जागा करायची. डेटाबेस चालू करायचा. निष्क्रिय स्लॉट काढून टाकायचा. चेकपॉइंट झाला (साठलेले बदल मूळ फायलींत उतरले) की जागा आपोआप मोकळी होते. रिकामी फाइल परत बनवून ठेवायची.

पुढे असं होऊ नये म्हणून स्लॉटमुळे राखल्या जाणाऱ्या लॉगला १० जीबीची मर्यादा घातली (ही सोय पोस्टग्रेस १३ पासून आहे). मर्यादा ओलांडली तर प्रत बाद होते आणि ती नव्याने उभारावी लागते. ते परवडतं. डिस्क ७० टक्के झाली की फोनवर सूचना, आणि प्रत पाच मिनिटांपेक्षा मागे पडली की वेगळी सूचना. वाचले होते महिना १० पैसे.

त्याच ओघात बॅकअप खरोखर परत उभा राहतो का हे पाहिलं. उभा राहिला. पण ‘फाइल उघडली’ एवढ्यावर थांबायचं नाही: दर सोसायटीच्या खात्याची नावे बाजू आणि जमा बाजू यांची बेरीज जुळते का, हे तपासणारी स्क्रिप्ट आता दर रविवारी परत उभ्या केलेल्या प्रतीवर चालते.

२ जून

एसएमएसचं बिल दुप्पट. मेमध्ये १,६६६ आले होते, काल ३,३३२.

मजकूर तोच. फक्त ‘मे’ च्या जागी ‘जून’ आलं. ‘मे’ मोजणीत दोन, ‘जून’ तीन आणि नाव मजकुरात दोनदा येतं. ६९ चे झाले ७१. एका अक्षराने ९,८०० जणांचा दुसरा भाग. जुलैत ७३, ऑगस्टमध्ये ७५ झाले असते. फेब्रुवारीचा विचारच नको. साचा मेमध्ये तपासला आणि वर्षातलं सगळ्यात आखूड नाव मेचं!

नवा साचा: ‘सदनिका बी-३०४: ६/२५ बिल ₹३४५०. मुदत १५/६.’ लिंक आणि नाव धरून ६६. ₹ इथे चालतं, कारण संदेश आधीच युनिकोड आहे आणि ‘रु.’ पुढची मोकळी जागाही वाचते. रकमेतला स्वल्पविराम काढला. सगळ्यात वाईट स्थिती डिसेंबरची: १२/२५ आणि १५/१२ मुळे ६८, चार आकडी सदनिका ६९, पाच आकडी रक्कम ७०. बरोबर बसतं. दोन अक्षरी विंगवाल्या सोसायट्यांना मात्र बसणार नाही. अशा चार आहेत, त्यांचा दुसरा भाग सोसायचा.

पाठवण्याआधी लांबी मोजून ७० च्या वर गेलेल्यांची संख्या दाखवणारी ओळ घातली. त्या चार सोसायट्या सोडून शंभराच्या वर गेली तर काम थांबतं.

५ जून

लेट्स एन्क्रिप्टने (वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं फुकट देणारी संस्था) प्रमाणपत्राची मुदत संपत आल्याचे ईमेल कालपासून बंद केले. आपली तपासणी लावली: दर सकाळी प्रत्येक डोमेनचं प्रमाणपत्र उघडून पाहायचं, २० दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर सूचना. ९० दिवसांचं प्रमाणपत्र साधारण ३० दिवस आधी नवं व्हायला हवं, म्हणजे २० ला काहीतरी अडलंय हे नक्की. बहुतेक वेळा फायरवॉलमध्ये ८० क्रमांकाचं पोर्ट बंद झालेलं असतं.

१७ जून

तक्रार: ‘कुऱ्हाडे’ शोधलं तर सभासद सापडत नाही, यादीत मात्र दिसतो.

मराठीचा आडवा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक, ऱ हे वेगळं अक्षर आणि पुढे हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला ते वेगळे शब्द वाटतात. फोनचा कीबोर्ड एक तऱ्हा देतो, जुन्या एक्सेल यादीत दुसरी. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असलं तर ते एकाच तऱ्हेत आणणं) इथे कामाचं नाही. नुक्ता वेगळा लिहिलेला र ते ऱ मध्ये आणतं, जोडकवाली तऱ्हा तशीच सोडतं.

त्यातच आयातीच्या वेळी ‘अदृश्य अक्षरं काढा’ अशी एक पायरी होती. तिने जोडक काढले आणि काही ठिकाणी ‘गोऱ्हे’ चं ‘गोर्हे’ झालं. ती नावं मूळ याद्यांवरून हाताने दुरुस्त करावी लागतील, ३८ आहेत. आपोआप करता येणार नाही, कारण ‘सूर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत कोणता र बरोबर हे नियमाने ठरत नाही.

शोधासाठी वेगळा रकाना केला: एनएफसी, मग जोडकवाली तऱ्हा ऱ मध्ये, मग उरलेले जोडक काढायचे. मूळ नाव जसं टाइप केलं तसंच छापायचं.

३० जून

दोन लहान गोष्टी.

चुकांची नोंद ठेवणारी सेवा परदेशी कंपनीची आहे, महिना २६ डॉलर. आयात सेवा म्हणून तिच्यावर १८ टक्के आयजीएसटी रिव्हर्स चार्जने आपण भरायचा, तोही रोख खात्यातून. आधीच्या क्रेडिटमधून (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) भरता येत नाही. भरल्यावर क्रेडिट मिळतं, त्यामुळे खर्च वाढत नाही, पण रोकड अडकते. सीएला ही बिलं गेलेलीच नव्हती, एप्रिलपासूनची पाठवली. सर्व्हर भारतातल्याच पुरवठादाराकडे ठेवण्यामागे हेही एक कारण आहे: रुपयात बिल, जीएसटी क्रमांकासकट.

दुसरं, सोसायट्यांकडून दरमहा यूपीआय ऑटोपेने पैसे घेण्याचा विचार सोडला. सोसायटीचं खातं दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्यांनी चालतं, एकट्या खजिनदाराच्या फोनवरून मँडेट (पैसे आपोआप वळते करायची संमती) उभा राहत नाही. गेटवेचे २ टक्के आणि त्यावर जीएसटी हा मुद्दाच नव्हता. ४२० अधिक जीएसटी अशा ४९५.६० च्या बिलावर ते ११.७० होतात. वार्षिक बिल, एनईएफटी किंवा चेक. दर सांगताना जीएसटी धरून सांगायचा, कारण बहुतेक सोसायट्यांना क्रेडिट घेता येत नाही आणि सभेत १८ टक्क्यांवर अर्धा तास जातो.

९ जुलै

व्याजाच्या तक्रारी. आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर जास्तीत जास्त २१ टक्के सरळव्याज. आपण ‘मागील बाकी’ वर १.७५ टक्के लावत होतो आणि मागील बाकीत आधीचं व्याजही होतं. म्हणजे चक्रवाढ. ३,४५० वर पहिल्या महिन्यात ६०.३८, दुसऱ्यात ६१.४३. फरक १ रुपया ५ पैसे, कोणाच्या लक्षात येत नाही. वर्षभरात ७२४.५० ऐवजी सुमारे ७९८. निवृत्त बँकवाले बरोबर पकडतात.

मुद्दल आणि व्याज अशी दोन खाती केली. व्याज फक्त मुद्दलावर. सगळ्या रकमा पूर्णांकात, पैशांत साठवायच्या. दशांशाची तरंगती संख्या कुठेही नको. जमा आधी कशात वळती करायची हे सोसायटीनुसार ठरवता येतं. जुन्या वर्षांची फेरमोजणी करायची, पण समितीने मंजूर केल्याशिवाय खात्यात टाकायची नाही.

१६ जुलै

१ ते १५ जुलैचे फोन मोजले: २१४. त्यात ‘पैसे भरले, पावती नाही’ ११८, ‘ओटीपी येत नाही’ ४१, व्याज २२, बाकी ३३. महिन्याला ४३० धरले तर एका फोनची किंमत ४२ रुपये. म्हणजे एका फोनमागे त्या सदनिकेचे सात महिन्यांचे पैसे जातात.

११८ पैकी ७० फोन फक्त ९ सोसायट्यांचे. त्यांच्या बँक स्टेटमेंटमध्ये एकही यूपीआय व्यवहार जुळत नव्हता. फाइल उघडून पाहिली तर संदर्भ क्रमांकाच्या रकान्यात सगळीकडे ‘५.१२३४६ई+११’. यूपीआयचा क्रमांक १२ आकडी. बँकेची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की १२ आकडी संख्या तो अशी आखडून दाखवतो आणि खजिनदाराने वरचे दोन रकाने नीट करून ‘सेव्ह’ दाबलं की फाइलमध्ये तेच आखडलेलं उरतं. मूळ आकडे गेले ते गेले.

आता फाइल चढवताना ‘ई+११’ दिसलं तर ती घ्यायचीच नाही, आणि कारण एका ओळीत: ‘बँकेतून उतरवलेली फाइल न उघडता इथे टाका.’ नको ते रकाने आपण गाळतो, त्यांनी गाळायची गरज नाही.

ओटीपीचे ४१: त्यातले १७ परदेशी नंबर, मालक दुबईत किंवा न्यू जर्सीत. आपला एसएमएसचा मार्ग देशातल्या नंबरांपुरताच आहे. देशाचा कोड ९१ नसेल तर ओटीपी ईमेलवर. उरलेल्यांपैकी बरेच जण भाडेकरू. नोंदीत नंबर मालकाचा.

१ ऑगस्ट

बिलांचे एसएमएस जूनमध्ये केलेल्या आकडी महिन्याच्या साच्यातच गेले. एक भाग, ७० च्या वर गेलेल्या २१२, सगळ्या त्याच चार सोसायट्यांच्या. पीडीएफची रांग सर्वाधिक ६४ वर गेली, सेवेने मेमरी १.१ जीबीपर्यंत वापरली. वीझीप्रिंटवर बाकी एकच अडचण: लांब बिलांत तक्त्याचं शीर्षक दुसऱ्या पानावर येत नाही.

सर्व्हर ४ जीबीवर आणायचा विषय पुन्हा निघाला. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात फोन १४९ होते. आधी ते शंभराखाली आणायचे.

१६ ऑगस्ट

नऊपैकी सात सोसायट्यांची स्टेटमेंट आता सरळ जुळतात. दोघींची बँक सीएसव्ही देतच नाही, फक्त पासवर्डवाली पीडीएफ. तिच्यातला तक्ता वाचता येतो, पण लांब नोंद दोन ओळींत मोडते आणि संदर्भ क्रमांक मधेच तुटतो: आठ आकडे वर, चार खाली. पुढच्या ओळीत रक्कम नसेल तर ती आधीच्या ओळीला जोडायची, असा नियम लिहिला. जुलैच्या ११२ नोंदींपैकी १०९ जुळल्या. उरलेल्या तीन पान बदलताना तुटलेल्या आहेत, आणि पानाच्या तळाला बँकेचा पत्ता मधे येतो. तो आधी गाळायचा.